मशीन माळ्यावर जाऊ देऊ नका!

घोरणं थांबावं म्हणून सीपॅप घेतलं आणि तीन आठवड्यांत वैतागलात? थांबा. लफडं बहुतेक वेळा मास्कच्या मापात, कोरड्या नाकात नाहीतर एका चुकीच्या सेटिंगमध्ये असतं. आणि ते सुटतं.

हार्बर लाइनवर झोपणं ही एक कला आहे. नेरूळला चढायचं, जुईनगरपर्यंत बूड टेकायला जागा मिळवायची, सानपाड्याला डोळे मिटायचे आणि कुर्ला आलं की बरोब्बर उघडायचे. शेजारच्याच्या खांद्यावर डोकं गेलं तरी इथे कुणी वाईट वाटून घेत नाही. सगळेच दमलेले.

पण या झोपाळू मंडळींत दोन प्रकार असतात. पहिला प्रकार रात्री दीडपर्यंत वेबसिरीज बघून सकाळी सहाला उठणाऱ्यांचा. त्यांना झोप येणारच, त्यात नवल काय? दुसरा प्रकार जरा सीरियस आहे. ही माणसं रात्री आठ तास अंथरुणात असतात, तरी सकाळी डोकं जड, तोंडाला कोरड आणि दुपारच्या मीटिंगमध्ये प्रेझेंटेशनच्या तिसऱ्या स्लाइडला मान खाली. घरचे म्हणतात, "केवढा घोरतोस रे!" आणि सगळे हसतात.

हसण्यासारखं त्यात फारसं नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट अर्धवट किंवा पूर्ण बंद होते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, मोठा घुर्र आवाज होऊन श्वास परत सुरू होतो. हे रात्रीत शेकडो वेळा होऊ शकतं आणि सकाळी त्यातलं काहीही आठवत नाही. यालाच म्हणतात ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया.

हा आजार 'बाहेरचा' नाही. माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलमधले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुटीन हेल्थ चेकअपला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या मुंबईकर पुरुषांचा अभ्यास केला होता. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. २५० जणांची झोप त्यांच्या घरीच तपासली गेली, आणि निष्कर्ष असा की जवळजवळ २० टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडखळत होता. दिवसा झोप येण्याचा त्रासही धरला तर प्रमाण साडेसात टक्के. लक्षात घ्या, ही माणसं आजारी म्हणून आलेलीच नव्हती. आणि संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूचं कारण म्हणून याच आजाराचं नाव घेतलं. त्या आठवड्यात 'स्लीप ॲप्निया' हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोचला.

कपाटावरचं मशीन

माझा मावसभाऊ नेरूळलाच राहतो, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. वय ३६, आयटीत, ऑफिस ऐरोलीला. उशिराची शिफ्ट संपली की पाम बीच रोडने गाडी घरी आणतो. रस्ता सरळ, मोकळा, एका बाजूला खाडी. एका रात्री सिग्नलला गाडी थांबवली आणि मागच्याने हॉर्न मारला तेव्हा त्याला कळलं की आपल्याला झोप लागली होती. सिग्नलला होती म्हणून निभावलं. मग डॉक्टर, मग रात्रभराची स्लीप स्टडी. रिपोर्टमध्ये एएचआय आला ४१. म्हणजे तासाला सरासरी ४१ वेळा श्वास अडखळतो. पाचच्या खाली असेल तर नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. डॉक्टरांनी सीपॅप मशीन लिहून दिलं.

महिनाभराने मी त्यांच्याकडे गेले होते.

"दादा, मशीन कसं चाललंय?"

"छान चाललंय," उत्तर वहिनीने दिलं. "कपाटावर. धूळ खातंय."

"अगं, लावून बघ तू एकदा," दादा वैतागला. "स्कूटरवर हेल्मेटशिवाय बसल्यासारखं वाटतं. तोंडावर नुसता वारा. दोन तासांत काढून टाकतो मी."

"आणि परत घोरायला लागतोस. मी जागीच असते."

दादा एकटा नाही. सीपॅपबद्दल डॉक्टर मंडळींची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे: मशीन उत्तम चालतं, पण माणसं लावत नाहीत. मी पत्रकार, त्यातून घरचा मामला. पुढचे काही आठवडे मी याच विषयाच्या मागे लागले. जे हाती आलं ते हे.

मशीन नेमकं करतं काय?

पहिला गैरसमज: हे ऑक्सिजनचं मशीन आहे. अजिबात नाही! सीपॅप म्हणजे कंटिन्युअस पॉझिटिव्ह एअरवे प्रेशर. खोलीतलीच हवा हे मशीन गाळून घेतं आणि नळीतून, मास्कमधून ठरावीक दाबाने नाकात सोडतं. हा दाब घशाची वाट आतून उघडी ठेवतो. फुग्यात हवा असली की फुगा बसत नाही, तसं.

याची जन्मकथाही हटके आहे. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी हा प्रयोग केला. तोवर तीव्र ॲप्नियावर खात्रीचा इलाज एकच होता, घशाला छेद देऊन श्वासासाठी भोक पाडायचं. सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरने हवा उलटी फेकली, रुग्णाच्या नाकाच्या मापाचा मास्क बनवला आणि तो चक्क चिकटवून टाकला. माणूस रात्रभर शांत झोपला! १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांचा अहवाल छापून आला. आजची मशीन टेबल-लॅम्पपेक्षा कमी जागा घेतात आणि आवाज जेमतेम पंख्याएवढा. तरी मूळ फंडा तोच: दाब पोचला पाहिजे, आणि तो रात्रभर पोचला पाहिजे.

'रात्रभर' म्हणजे किती?

अमेरिकेत इन्शुरन्सवाल्यांचा एक नियम आहे: रात्री किमान चार तास, आणि महिन्यातल्या ७० टक्के रात्री. त्यावरून 'चार तास लावलं की झालं' असा समज जगभर पसरला. पण चार तास ही पासिंगची लाइन आहे, डिस्टिंक्शनची नाही.

२००७ मध्ये 'स्लीप' या वैद्यकीय नियतकालिकात टेरी वीव्हर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. त्यात असं दिसलं की रुग्णाला स्वतःला झोपाळलेपण कमी झाल्यासारखं वाटायला साधारण चार तास लागतात. चाचणीत मोजता येणारी झोप कमी व्हायला सहा तास. आणि रोजची कामं पूर्वीसारखी जमायला साडेसात तास. म्हणजे जितके तास मास्क, तितका फायदा.

उलट बाजूही बघा. २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 'सेव्ह' नावाचा मोठा अभ्यास आला. हृदयविकार किंवा पक्षाघात आधीच होऊन गेलेल्या २,७१७ जणांचा. सीपॅपमुळे त्यांचं घोरणं आणि दिवसाची झोप कमी झाली, मूड सुधारला. पण हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोकचं प्रमाण काही घटलं नाही. तेव्हा 'सीपॅप फेल' अशी चर्चा झाली. मात्र त्याच अभ्यासात मास्क वापरण्याची सरासरी होती रात्रीला ३.३ तास. अर्धी रात्र छत्री उघडायची आणि मग भिजलो म्हणून छत्रीला नावं ठेवायची, असा तो प्रकार असू शकतो, असं अनेक तज्ज्ञांनी तेव्हाच लक्षात आणून दिलं.

यात आणखी एक मेख आहे. स्वप्नांची झोप, म्हणजे रेम स्लीप, पहाटेकडे वाढत जाते. त्या झोपेत स्नायू सगळ्यात सैल असतात आणि बऱ्याच जणांचा ॲप्निया तेव्हाच जोर करतो. दादासारखी माणसं रात्री बाराला मास्क लावतात आणि दोनला काढतात. म्हणजे सगळ्यात वाईट तासांना संरक्षण शून्य. रात्री बाथरूमला उठलात तर मास्क परत लावायचा, हा एकच नियम पाळला तरी मोठा फरक पडतो.

आधी मास्क, मग बाकी सगळं

मशीन घेताना लोक मॉडेल, स्क्रीन, ॲप सगळं बघतात. मास्क मात्र डीलर देईल तो. खरं तर उलट हवं. मशीन कोपऱ्यात असतं, चेहऱ्यावर मास्क असतो!

मास्कचे ढोबळ तीन प्रकार. नाकावर बसणारा नेझल मास्क, नाकपुड्यांपाशी टेकणारे छोटे नेझल पिलो, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस. आपल्याकडे अनेकांना सरसकट फुल फेस दिला जातो, कारण तोंड उघडं पडलं तरी चालतं. पण हा मास्क मोठा असतो, गळतीच्या जागा जास्त आणि घुसमटल्यासारखं वाटण्याची शक्यताही जास्त. नाकाने नीट श्वास घेता येत असेल तर सुरुवात नाकाच्या मास्कने करायची, असं झोपेचे डॉक्टर साधारणपणे सुचवतात. नाक कायम चोंदलेलं असेल, हाड वाकडं असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

मास्क ट्राय करताना शर्ट ट्राय केल्यासारखं आरशासमोर उभं राहू नका. आडवे व्हा, मशीन तुमच्या नेहमीच्या दाबावर चालू करा, कुशीवर वळा. आडवं झाल्यावर चेहऱ्याची ठेवण बदलते आणि गळती तेव्हाच कळते. आणि सगळ्यात कॉमन चूक: हवा गळली की पट्टे आवळणे. जास्त आवळलं की सिलिकॉनची कुशन चपटी होते, गळती वाढते आणि सकाळी नाकावर लाल व्रण. पट्टे ढिले करा, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचला, कुशनमध्ये हवा भरू द्या, मग हलकेच टेकवा. डोळ्यांत वारा जात असेल तर मास्क वरच्या बाजूने गळतोय, असं समजा.

दादाची भानगड तिथेच होती. मिशी! फुल फेस मास्क, माप एक नंबर मोठं आणि वर झुपकेदार मिशी. हवा गळायची, तो पट्टे आवळायचा, नाक दुखायचं, मास्क जायचा. मिशी काढायला तो तयार नव्हता ("लग्नाच्या फोटोत आहे ती!"). टेक्निशियनने नेझल पिलो दिले, ते मिशीच्या वर बसतात. मिशीही वाचली, मास्कही टिकला. तेलकट चेहऱ्यावर कुशन घसरते, म्हणून झोपण्याआधी तोंड धुणं, एवढीच भर.

हवा अंगावर येते? शिकवणी लावा

बऱ्याच जणांना पहिल्या रात्री गुदमरल्यासारखं होतं. त्यावर मशीनमध्येच उपाय असतात, फक्त ते कुणी समजावून सांगितलेले नसतात.

'रॅम्प' नावाचं सेटिंग असतं. मशीन कमी दाबाने सुरू होतं आणि हळूहळू ठरलेल्या दाबावर जातं, तोवर तुम्ही झोपलेले असता. मात्र सुरुवातीचा दाब फारच कमी असेल तर उलट हवा पुरत नाही असं वाटतं. तसं झालं तर तो थोडा वाढवून घ्या. श्वास सोडताना दाब जरा खाली आणणारी सोयही बहुतेक मशीनमध्ये असते. आणि ऑटो मशीन असेल तर ते गरजेप्रमाणे दाब कमी-जास्त करतं. त्याची खालची आणि वरची मर्यादा डॉक्टरांनी तुमच्यासाठी ठरवायची असते. कारखान्यातून आलेली ४ ते २० ही मोकळी रेंज तशीच ठेवून झोपणारे कितीतरी जण आहेत. दाब स्वतःच्या मनाने बदलू नका, पण तो तपासून घ्यायला लाजूही नका.

भीती घालवायचा साधा मार्ग म्हणजे दिवसा सराव. संध्याकाळी मॅच बघताना पंधरा-वीस मिनिटं नुसता मास्क धरा. दुसऱ्या दिवशी पट्टे लावून. मग मशीन चालू करून. मेंदूला कळू द्या की याने काही होत नाही. पहिले काही दिवस इथे फार महत्त्वाचे आहेत. सुरुवातीच्या आठवड्यात ज्यांची गाडी रुळावर येते, ते पुढेही मशीन वापरत राहतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. म्हणून त्रास होत असेल तर महिन्याभराच्या फॉलोअपची वाट बघू नका, तिसऱ्या-चौथ्या दिवशीच फोन लावा.

पोटात हवा जाऊन फुगल्यासारखं होत असेल तर तेही सांगा. दाब जास्त असेल किंवा तोंडातून हवा गिळली जात असेल. दोन्हींवर उपाय आहेत.

एसी, नाक आणि नवी मुंबईचा पावसाळा

'आपल्याकडे एवढी दमट हवा, ह्युमिडिफायर कशाला?' हा प्रश्न दादाने विचारला आणि मलाही तो पटला होता. पण बेडरूमची खिडकी बंद, एसी २२ वर, आणि नाकात रात्रभर वारा. एसीची हवा कोरडी असते. नाक कोरडं पडलं की सुजतं, चोंदतं, मग तोंड उघडतं, हवा तोंडातून निसटते आणि सकाळी घशाला वाळवंट. त्यावर मशीनची पाण्याची टाकी आणि तिची ऊब कामाला येते.

जुलैमध्ये एसी बंद असेल तर मात्र हीच ऊब त्रास देते. नळीत पाणी साचतं, गुडगुड आवाज होतो, नाकावर थेंब पडतात. मग सेटिंग एक-दोन अंकांनी खाली आणा, मशीन उशीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवा आणि नळी पांघरुणातून घ्या. म्हणजे सेटिंग एकदा लावून विसरायचं नाही. एसी लागला की वर, पाऊस लागला की खाली.

टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं पाणी टाकीत पांढरा थर धरतं. गाडीच्या बॅटरीसाठी मिळणारं पाणी यासाठी नाही. एखाद्या रात्री काहीच नसेल तर उकळून गार केलेलं पाणी चालून जाईल, पण मशीन चुकवू नका.

रोज तीन आकडे

आपण पावलं मोजतो, कॅलरी मोजतो, लाइक्स मोजतो. मग हेही मोजा. आजची बहुतेक मशीन स्क्रीनवर, कार्डावर किंवा ॲपमध्ये तीन गोष्टी सांगतात: किती तास वापर, किती गळती आणि उरलेला एएचआय.

तास कमी असतील तर सोयीचा प्रश्न आहे, मास्क किंवा दाब बघा. गळती जास्त असेल तर कुशन किंवा तोंड. तास भरपूर, गळती कमी आणि तरीही एएचआय सतत पाचच्या वर असेल, तर दाब पुरेसा नाही किंवा ॲप्नियाचा प्रकारच वेगळा आहे. अशा वेळी आकडे घेऊन डॉक्टरांकडे जायचं. एका रात्रीच्या आकड्याने मात्र हैराण होऊ नका, आठवड्याची सरासरी बघा.

वहिनीने फ्रिजवर कागद लावला. पहिल्या आठवड्याची सरासरी दोन तास चाळीस मिनिटं. मास्क बदलल्यावर चार तास दहा मिनिटं. दोन महिन्यांनी सहाच्या वर, आणि एएचआय चारच्या खाली. दादा आजही मशीनच्या प्रेमात नाही. पण शिफ्ट संपल्यावर गाडीच्या काचा खाली करून, गाणी मोठ्याने लावून घरी यायची वेळ आता येत नाही.

चौकट : छोट्या गोष्टी, मोठा फरक

• कुशन रोज कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा. टाकीतलं उरलेलं पाणी रोज सकाळी ओता. नळी आठवड्यातून एकदा धुवा. जंतुनाशक, स्पिरिट नको.

• फिल्टर दर आठवड्याला बघा. आपल्याकडे पुनर्विकासाची कामं आणि हायवेची धूळ, फिल्टर लवकर काळा पडतो. काळा दिसला की बदला.

• ओझोनने मशीन 'सॅनिटाइझ' करणारी उपकरणं घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने त्यांबद्दल २०२० मध्येच सावध केलं होतं.

• सेकंडहँड मशीन स्वस्तात मिळतंय? मॉडेल तपासा. आतला आवाज दाबणारा फोम झिजण्याच्या धोक्यामुळे फिलिप्सने जून २०२१ मध्ये जगभरातली लाखो मशीन परत बोलावली होती. शिवाय आत आधीच्या मालकाचा दाब सेट असतो. डॉक्टरांकडून आपला दाब लावून घेतल्याशिवाय वापरू नका.

• लाइट गेली की मशीन बंद. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली होती ते आठवतं ना? घरी इन्व्हर्टर असेल तर मशीन त्यावर चालतं का, ते आधीच विचारून ठेवा. टाकीची ऊब बंद ठेवली की वीज बरीच कमी लागते.

• प्रवासात मशीन केबिन बॅगेत घ्या, डॉक्टरांचं पत्र सोबत ठेवा आणि टाकी रिकामी करूनच पॅक करा. गावी दोन दिवस जायचं म्हणून मशीन घरी ठेवू नका. ॲप्निया सुट्टी घेत नाही.

• शुक्रवारच्या पार्टीनंतर मशीन जास्त गरजेचं असतं. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. झोपेच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

मशीन चालू, तरी झोप येते?

सगळे आकडे मस्त आणि तरी दुपारी पेंग येत असेल, तर एक साधा प्रश्न विचारा: मी झोपतो किती? नेरूळहून अंधेरीला जाऊन-येऊन दिवसाचे साडेतीन तास प्रवासात घालवणारा माणूस रात्री एकला झोपून सहाला उठत असेल, तर मशीन पाचच तासांची झोप चांगली करेल. सहावा तास ते कुठून आणणार? मशीन रात्र मोठी करत नाही. तो तास फोनकडून, सिरीजकडून किंवा बॉसकडून तुम्हालाच मागून घ्यावा लागतो.

झोप पुरेशी असूनही थकवा असेल तर थायरॉइड, लोह, शिफ्टचं बिघडलेलं घड्याळ, डिप्रेशन अशी इतर कारणं असू शकतात. डॉक्टरांना सांगा. आणि तोवर झोप येत असताना गाडी चालवू नका. पाच मिनिटं बाजूला घेऊन चहा पिण्यानेही हा प्रश्न सुटत नाही.

दुसरा मार्ग आहे का?

आहे, पण शॉर्टकट नाही. वजन कमी केलं तर ॲप्निया कमी होतो, कधी जातोही. सौम्य किंवा मध्यम त्रासात खालचा जबडा पुढे धरणारी दातांची क्लिप चालते. काहींना फक्त पाठीवर झोपल्यावर त्रास होतो, त्यांना कुशीवर झोपून फायदा होतो. काहींना ऑपरेशन लागतं. सध्या चर्चेत असलेलं टिर्झेपटाइडचं इंजेक्शन अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणा असलेल्या मध्यम ते तीव्र ॲप्नियाच्या रुग्णांसाठी मंजूर केलं. भारतात ते मार्च २०२५ मध्ये डायबेटिस आणि वजनासाठी आलं. पण ते सगळ्यांसाठी नाही आणि परिणाम दिसायला महिने जातात. वजन उतरलं म्हणून मशीन आपणच बंद करायचं नाही. परत स्लीप स्टडी करायची आणि मग ठरवायचं.

हो, बारीक माणसांनाही ॲप्निया होतो. जबड्याची ठेवण, मोठे टॉन्सिल, घरातली परंपरा, काहीही कारण असू शकतं. आणि मुलींनो, हा फक्त पुरुषांचा आजार नाही. बायकांमध्ये घोरण्यापेक्षा थकवा, डोकेदुखी, निद्रानाश अशा तक्रारी पुढे येतात, त्यामुळे तो बरेचदा 'टेन्शन' म्हणून सोडून दिला जातो.

लाजायचं कशाला?

तिशीतल्या माणसाला मास्क लावून झोपायची लाज वाटते. नवीन लग्न झालेलं असेल तर जास्तच. रूममेट असतील तर विचारूच नका. पण बाजूला झोपणाऱ्याला विचारून बघा. त्यांना मास्कपेक्षा मध्येच श्वास थांबल्याची ती शांतता जास्त भयंकर वाटते. वहिनी मला म्हणाली, "आधी मी त्याचा श्वास परत सुरू होईपर्यंत मोजत बसायचे. एक, दोन, तीन... आता मोजावं लागत नाही."

तेव्हा तुमचंही मशीन कपाटावर, पलंगाखाली किंवा माळ्यावर असेल, तर आज खाली काढा. फिल्टर बदला, कुशन धुवा, कार्डावरचे आकडे उतरवून घ्या आणि उद्या सकाळी डॉक्टरांना किंवा टेक्निशियनला फोन करा. 'मला हे जमत नाही' असं सांगू नका. 'मास्क वरून गळतो', 'नाक कोरडं पडतं', 'रात्री दोनला हवा जास्त वाटते' असं सांगा. तक्रार जितकी नेमकी, तितका उपाय लवकर.

गुड नाइट!